अन्नछत्रातून उभा राहिलेला संघ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्लासगो शहराच्या पूर्व भागात आयरिश मजुरांची दाट वस्ती होती. आयर्लंडमधील दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या या कुटुंबांतील मुले उपाशीपोटी शाळेत येत. सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर वॉलफ्रिड यांनी त्यांच्यासाठी अन्नछत्र चालविले; पण त्यास द्रव्य हवे होते. सामन्यांच्या तिकिटांतून ते उभारावे, या हेतूने ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात सेल्टिक क्लबची स्थापना झाली.

२८ मे १८८८ च्या पहिल्याच सामन्यात सेल्टिकने रेंजर्सचा ५-२ असा पराभव केला. संघ कागदोपत्री हौशी होता. तथापि चांगल्या खेळाडूंना आमिषे दाखविण्याची चाल त्या काळी सर्वत्र होती. १८९२ साली सेल्टिकने स्कॉटिश चषक जिंकला. त्याच वर्षी वॉलफ्रिड यांची लंडनला बदली झाली. १८९३ मध्ये स्कॉटलंडने धंदेवाईक खेळास मान्यता दिली आणि १८९७ मध्ये क्लब मर्यादित कंपनी बनला. सभासदांची जागा भागधारकांनी घेतली. अन्नछत्राचा मूळ हेतू मागे पडला. त्याच शहरातील क्वीन्स पार्क क्लबने मात्र हौशी बाणा २०१९ पर्यंत सोडला नाही.

१९६७ साली लिस्बन येथे इंटर मिलानला २-१ असे नमवून सेल्टिकने युरोपियन चषक मिळविला. त्या संघातील अकराही खेळाडू ग्लासगोच्या आसपासच्या तीस मैलांत जन्मले होते. वॉलफ्रिड मात्र लंडनमध्येही अनवाणी मुलांचे सामने भरवीत राहिले. वैभव संघाच्या वाट्यास आले, व्रत शिक्षकाकडेच राहिले.