सहाराचा नकाशा : दहा देश आणि एक तुटक रेघ

आफ्रिकेचा कोरा नकाशा समोर ठेवून सहारा वाळवंटातले देश ओळखायला सांगितले, तर आपल्यापैकी बरेच जण इजिप्त आणि लिबियापाशी अडकतात. फार तर अल्जेरिया जमतो. त्याच्या खाली माली कुठला, नायजर कुठला आणि चाड कुठला, इथे सगळी खिचडी होते. परीक्षेत हा एका गुणाचा प्रश्न असतो, चुकला तर सोडून द्यायचा. संशोधनात तसं चालत नाही. ज्या प्रदेशावर तुम्ही काम करणार आहात, त्याचा कोणत्या सालचा नकाशा तुमच्या डोक्यात आहे, यावर तुम्ही कोणती फाइल मागवता आणि कोणते आकडे शेजारी-शेजारी मांडता हे ठरतं. म्हणून आज सहाराचा नकाशा आधी पाठ करू आणि मग तो इतिहासासारखा वाचू.

पाठ करायची सोपी रीत अशी. दोन ओळी करा, दोन्ही पश्चिमेकडून पूर्वेकडे. वरची ओळ : मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त. या पाचही देशांना भूमध्य समुद्राचा किनारा आहे. खालची ओळ : मॉरिटानिया, माली, नायजर, चाड, सुदान. यातल्या टोकाच्या दोघांना समुद्र आहे, मॉरिटानियाला अटलांटिक आणि सुदानला तांबडा समुद्र. मधल्या तिघांना समुद्रच नाही. झाले दहा देश. आता मोरोक्कोच्या खाली, मॉरिटानियाच्या वर, अटलांटिकच्या काठाला एक तुकडा उरतो. बहुतेक नकाशांत त्याची वरची सीमा तुटक रेघेने दाखवलेली असते. तो पश्चिम सहारा. त्याच्याकडे शेवटी येऊ.

खालच्या ओळीच्या दक्षिणेला जो कोरडा गवताळ पट्टा आहे त्याला साहेल म्हणतात. हा शब्द तुम्हाला ऐकल्यासारखा वाटेल, कारण हिंदी-उर्दू गाण्यांतला ‘साहिल’ तोच. अरबीत त्याचा अर्थ किनारा. वाळूचा समुद्र पार करून आलेल्या तांड्यांना लागणारा हा काठ. म्हणजे नाव देणाऱ्यांनी वाळवंटाकडे मोकळी, निरुपयोगी जागा म्हणून पाहिलेलं नाही. ज्यावरून ये-जा करायची असा तो समुद्र होता.

मग या समुद्रावर इतक्या सरळ रेघा आल्या कुठून? पुस्तकांत ठरलेलं उत्तर असतं : १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपियनांनी आफ्रिका वाटून घेतली. हे वाक्य तुमच्या प्रस्तावात असंच लिहू नका. बर्लिनमध्ये प्रामुख्याने काँगो आणि नायजर नद्यांवरचा व्यापार आणि किनाऱ्यावर नवा ताबा सांगण्याचे नियम यांवर चर्चा झाली. सहारातल्या रेघा त्यानंतर दोन-दोन सत्तांच्या करारांतून आल्या. १८९० मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने नायजर नदीवरच्या से या गावापासून चाड सरोवराकाठच्या बारुवापर्यंत एक रेघ ठरवली. आज नायजर आणि नायजेरिया शेजारी-शेजारी दोन वेगळे देश आहेत, त्याचं मूळ या वाटणीत आहे. वरचा फ्रेंचांकडे गेला, खालचा इंग्रजांकडे. १८९८ मध्ये फाशोडा इथे दोघांचं सैन्य समोरासमोर आलं आणि मार्च १८९९ च्या घोषणेने नाईलचं खोरं आणि त्याच्या पश्चिमेकडचा प्रदेश यांची विभागणी झाली. म्हणजे एकाच दिवशी, एकाच टेबलावर काही घडलेलं नाही. प्रत्येक रेघेला तिची स्वतःची तारीख आहे आणि स्वतःचा दस्तऐवज आहे. संशोधक म्हणून तुम्ही शोधायचा तो हा दस्तऐवज.

आता नावांकडे या, कारण खरा खड्डा इथे आहे. समजा तुम्हाला १९३० च्या दशकातला एक फ्रेंच अहवाल मिळाला आणि त्यात ‘सुदान’ असं लिहिलंय. तुम्ही खार्तुमचं सुदान समजून टिपण काढलंत, तर सगळं काम हजारो किलोमीटर बाजूला सरकलं. तो फ्रेंच सुदान, म्हणजे आजचा माली. मध्ययुगीन अरबी लेखक वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या सगळ्या पट्ट्याला ‘काळ्या लोकांचा देश’ या अर्थाने बिलाद अस्-सुदान म्हणत. त्यातलं ‘सुदान’ फ्रेंचांनी पश्चिमेकडच्या भागाला लावलं आणि पूर्वेकडे ते इंग्रज-इजिप्शियन राजवटीतल्या प्रदेशाचं नाव झालं. पूर्वेकडचं सुदान १ जानेवारी १९५६ ला स्वतंत्र झालं. पश्चिमेकडचं १९५८ मध्ये ‘सुदानी प्रजासत्ताक’ झालं, सेनेगलबरोबर माली संघराज्यात गेलं, ऑगस्ट १९६० मध्ये तो संघ फुटला आणि २२ सप्टेंबर १९६० ला ‘माली प्रजासत्ताक’ हे नाव आलं. म्हणजे १९५८ ते १९६० या काळातल्या कागदांत जवळजवळ एकाच नावाची दोन राज्यं भेटतात.

आपल्याकडच्या कागदांतही हे लक्षात ठेवावं लागतं. भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी १९५३ मध्ये सुदानमधल्या निवडणूक आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. ते सुदान खार्तुमचं. त्याच वर्षीच्या डाकारमधल्या फ्रेंच वसाहतीच्या फाइलीत ‘सुदान’ दिसलं, तर ते बहुधा बामाकोचं.

घानाचंही असंच आहे. मध्ययुगीन घाना साम्राज्य आजच्या घानात नव्हतंच, ते आजच्या मॉरिटानिया-मालीच्या भागात होतं. १९५७ मध्ये गोल्ड कोस्टने स्वातंत्र्याच्या वेळी ते जुनं, मानाचं नाव उचललं.

नावांपेक्षा फसवी गोष्ट म्हणजे आकडे. अपर व्होल्टा (१९८४ पासून बुर्किना फासो) ही वसाहत फ्रेंचांनी १९३२ मध्ये मोडली आणि तिचा प्रदेश फ्रेंच सुदान, नायजर आणि आयव्हरी कोस्टमध्ये वाटला. १९४७ मध्ये ती पुन्हा उभी केली. आता तुम्ही नायजरच्या १९३१ आणि १९३६ च्या लोकसंख्येची तुलना करून ‘वाढ झाली’ असं लिहिलंत, तर ती वाढ माणसांची आहे की रेघ सरकल्याची? आकडा बरोबर आणि निष्कर्ष चूक, असं होऊ शकतं. म्हणून कोणतीही तक्ते-तुलना करण्याआधी त्या-त्या वर्षीचा नकाशा काढून बघायचा.

रेघांची किंमत किती असते, हे औझू पट्ट्याने दाखवलं. चाडच्या उत्तरेकडचा हा भाग लिबियाने १९७३ मध्ये ताब्यात घेतला. त्यावरून लढाया झाल्या, माणसं मेली. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि ३ फेब्रुवारी १९९४ ला निकाल चाडच्या बाजूने लागला. न्यायालयाने आधार घेतला तो फ्रान्स आणि लिबिया यांच्या १९५५ च्या कराराचा. त्या करारात जुन्या दस्तऐवजांची यादी होती, त्यात १८९९ ची घोषणाही होती. त्या घोषणेत सीमा शब्दांत सांगितली होती, सोबत नकाशा जोडलेला नव्हता. तिचा अर्थ काय, याचा खुलासा करायला १९१९ मध्ये वेगळा करार करावा लागला. शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका वाक्यावर एका प्रदेशाचं भवितव्य ठरलं. ‘जुने कागद वाचून काय मिळतं’ असं कोणी विचारलं, तर हे उदाहरण द्या.

आणि रेघा टिकल्या का? १९६४ मध्ये कैरोत आफ्रिकी ऐक्य संघटनेने ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा मिळाल्या त्या पाळायच्या. रेघा न्याय्य आहेत असा याचा अर्थ नव्हता. एक उसवली तर सगळं उसवेल, ही भीती होती. त्याची किंमत कोणी मोजली हे तुआरेग लोकांकडे पाहिलं की कळतं. अल्जेरिया, माली, नायजर, लिबिया आणि बुर्किना फासो अशा पाच देशांत ते विभागले गेले. एप्रिल २०१२ मध्ये मालीच्या उत्तरेला त्यांच्यातल्या एका संघटनेने ‘अझवाद’ स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. कोणत्याही देशाने मान्यता दिली नाही, त्यामुळे तुमच्या नकाशात ते नाव नाही.

आता ती तुटक रेघ. पश्चिम सहारा ही स्पेनची वसाहत. १९७५ मध्ये स्पेन निघाला, मोरोक्को आणि मॉरिटानियाने प्रदेश वाटून घेतला, १९७९ मध्ये मॉरिटानियाने माघार घेतली. पोलिसारियो संघटनेने १९७६ मध्येच सहरावी प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. भारताने त्याला १९८५ मध्ये मान्यता दिली आणि २००० मध्ये काढून घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत हा प्रदेश आजही ‘स्वशासन न मिळालेला’ आहे. मोरोक्कोत छापलेल्या नकाशात मात्र तुटक रेघ नसते, सगळं एकसंध मोरोक्को असतं. तेव्हा तुमच्या प्रबंधात तुम्ही जो नकाशा चिकटवाल, तो कुणाची ना कुणाची बाजू घेणार. निदान कुणाची, हे तुम्हाला माहीत असावं आणि नकाशाखाली एका ओळीत लिहिलेलं असावं.

आता एक काम करा. सहाराचे चार कोरे नकाशे काढा : १९१४, १९३५, १९६० आणि आजचा. चारही हाताने भरा. प्रत्येक रेघेजवळ तिच्या कराराचं साल लिहा आणि जिथे साल सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. दहा देश तर पाठ होतीलच. पण ती प्रश्नचिन्हं जपून ठेवा, कारण संशोधनाचा विषय बहुतेक वेळा तिथेच सापडतो.