बडोद्याचे कलाभवन : कारागिरांच्या शाळेपासून विद्यापीठीय विद्याशाखेपर्यंत

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये बी.व्होक. ही व्यावसायिक पदवी सुरू केल्यापासून, हातकामाच्या शिक्षणाला विद्यापीठात कोणते स्थान असावे, हा प्रश्न जामनेरसारख्या तालुक्याच्या गावातील प्राध्यापकांपुढेही आला आहे. तो नवा मात्र नाही. बडोदे या मराठी संस्थानात 1890 मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनाचा इतिहास या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे.

कलाभवनाचे आश्रयदाते सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म 1863 मध्ये, खानदेशाला लागून असलेल्या कवळाणे गावातील शेतकरी कुटुंबात झाला. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर त्याच वर्षी सुरतेत, सुतार ज्ञातीत जन्मले. बडोदे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या गज्जरांना कारागिराची अडचण पुस्तकातून समजून घ्यावी लागली नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

ही अडचण रंगाऱ्यांच्या धंद्यात सर्वाधिक तीव्र होती. 1869 पासून युरोपात कृत्रिम अ‍ॅलिझरीनची विक्री होऊ लागली. मंजिष्ठा, आल यांवर पिढ्यान्पिढ्या चाललेली विद्या त्यामुळे निरुपयोगी ठरत गेली. नवे रंग बाजारात मिळत. परंतु त्यांचे प्रमाण, त्यांना लागणारे तुरटीसारखे रंगबंधक, पाण्याची उष्णता हे सारे अंदाजावर चाले. रंग फिका पडला की दोष रंगाऱ्याच्या माथी येई. कलाभवनात कापड रंगविण्याच्या शिक्षणाला रसायनशास्त्राची जोड देण्यात आली, ती या परिस्थितीत. त्याबरोबर विणकाम, यंत्रविद्या, वास्तुकला व चित्रकला हे विषयही होते. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे येथलेच विद्यार्थी.

तथापि गज्जरांचे खरे वेगळेपण शिक्षणाच्या माध्यमात दिसते. कारागिराच्या मुलाने आधी इंग्रजी शिकावे आणि मगच त्याला रसायन कळावे, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी देशी भाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला आणि संस्थानाच्या साहाय्याने 'सयाजी ज्ञानमंजूषा' या मालेत शास्त्रीय ग्रंथ तयार करविले. पारिभाषिक शब्द घडविणे हे त्या काळी यंत्रे आणण्यापेक्षा सोपे काम नव्हते. पुढे 1896 मध्ये गज्जर बडोदे सोडून मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गेले आणि या प्रयत्नाचा मुख्य आधार गेला.

1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले व कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले. संस्थेला पदवी देण्याचा अधिकार व प्रतिष्ठा लाभली, हे निःसंशय. परंतु या विद्यापीठाचे अध्यापन इंग्रजीतून चालते आणि अभियांत्रिकीच्या पदवीचे दार विज्ञान शाखेच्या बारावीनंतर उघडते. रंगाऱ्याचा जो मुलगा गज्जरांच्या डोळ्यांसमोर होता, त्याला येथे येण्यासाठी प्रथम वडिलांचा धंदा व त्या धंद्याची भाषा बाजूला ठेवावी लागते. विद्याशाखेचा परिसर मात्र आजही कलाभवन याच नावाने ओळखला जातो.