फायबर कुजत नाही म्हणतात, मग जुन्या बोटीचा फ्लोअर का कुजतो?

कडेगाव म्हटलं की मोहरमचे उंचच उंच ताबूत आठवतात, नाहीतर ताकारी-टेंभूचं पाणी. बोट आठवायचं काही कारण नाही. पण याच तालुक्यातून वाहणारी येरळा पुढे ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते आणि तिथून पुढे बोट हा हौसेचा विषय राहत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

हा अपघात बोट कुजल्यामुळे झाला असं कुणी म्हटलेलं नाही, आणि इथेही तसं म्हणायचं नाही. पण 'बोटीची क्षमता' हा शब्द तेव्हापासून या पट्ट्यात सगळ्यांच्या ओळखीचा झाला. आता गंमत अशी, की ही क्षमता बोटीवर रंगवलेल्या आकड्याइतकीच कायम राहते असं नाही. बोट नुसती उभी राहून राहून आतून जड होऊ शकते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पुरासाठी घेतलेल्या बोटीचं आयुष्य बघा. ती लागते कधीतरी, काही वर्षांतून एकदा. बाकीचा काळ ती झाडाखाली, शेडमध्ये किंवा ताडपत्री टाकून पडलेली असते. आणि बोट वापरल्यानं जितकी खराब होत नाही, तितकी पडून राहिल्यानं होते. हे जगात सगळ्यात नीट कुणाला ठाऊक असेल, तर जुन्या स्की बोटी जपणाऱ्या हौशी लोकांना.

स्की बोट म्हणजे काय?

माणसाला पाण्यावर पट्ट्यांवर उभं करून दोरीनं ओढत नेणारी बोट. हा खेळ अमेरिकेतल्या मिनेसोटात १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं लेक पेपिन या तलावावर सुरू केला. सुरुवातीला कुठलीही बोट चालायची. मग लक्षात आलं, की बोटीमागे उठणारी लाट जितकी कमी, तितकं मागच्या माणसाला घसरणं सोपं. १९६१ मध्ये फ्लोरिडातल्या लिओ बेंट्झ यांनी खास या खेळासाठी फायबरची 'स्की नॉटिक' बोट बनवली. ती पुढे करेक्ट क्राफ्ट या कंपनीनं आपल्याकडे घेतली. १९६८ मध्ये टेनेसीत रॉब शर्ली यांनी मास्टरक्राफ्ट सुरू केली.

या बोटींचं इंजिन मागे लटकत नाही. ते बोटीच्या मधोमध, फ्लोअरच्या पातळीवर बसवलेलं असतं. म्हणजे काही शे किलोचं धूड बोटीच्या आतल्या लाकडी वाशांवर बोल्टनं आवळलेलं. हे वासे लांबीच्या दिशेनं जातात, त्यांना स्ट्रिंजर म्हणतात. कौलारू घराला जसे वासे, तसे बोटीला स्ट्रिंजर. त्यांच्यावर प्लायवूडचा फ्लोअर, आणि सगळ्यावरून फायबरचा थर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळी बोट फायबरची आहे. नाही. जुन्या फायबर बोटीच्या पोटात लाकूडच असतं. पुढे १९९० च्या दशकात मोठ्या कंपन्या हळूहळू लाकूड काढून टाकायला लागल्या, पण त्याआधीच्या हजारो बोटी तशाच आहेत.

आपल्याकडच्या साध्या फायबर बोटीत मधलं इंजिन नसतं, पण फ्लोअरखाली आणि मागच्या ज्या फळीला इंजिन लटकतं तिच्या आत प्लायवूड वापरण्याची पद्धत सर्रास आहे. त्यामुळे दुखणं तेच.

मालकांचे मेळावे

जुन्या गाड्यांचे मालक जसे रविवारी जमतात, तसे जुन्या बोटींचे मालक उन्हाळ्यात एखाद्या तलावावर जमतात. बोटी ट्रेलरवरून येतात, पाण्यात उतरतात, एकमेकांच्या बोटीमागे लोक स्की करून घेतात. जुन्या बोटींची अमेरिकेतली मोठी संस्था अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जवर स्थापन झाली. तिचा मुख्य जीव लाकडी बोटींवर. तिथे बोट 'जतन केलेली' मानायची असेल, तर डेक आणि पाण्याच्या वरचा भाग मिळून किमान ६० टक्के माल मूळचा असावा लागतो. नीट वाचलं तर या मोजणीत बोटीचा तळ धरलेलाच नाही. तळ आज ना उद्या बदलावा लागणार, हे जुन्या बोटींच्या जाणकारांनी केव्हाच मान्य केलंय.

अशा मेळाव्याला येणारा नवखा माणूस बहुतेक वेळा रंग आणि इंजिन बघतो. मुरलेला माणूस आधी चप्पल काढून फ्लोअरवर चालून बघतो.

सांगलीत पावसाळ्यात कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात तेव्हाही काठावर आणि आयर्विन पुलावर तोबा गर्दी असते. तिथं मोटर नसते, वल्ह्यांचा जोर असतो. हौस तीच, फक्त डिझेल-पेट्रोलऐवजी दंडावर चालणारी. आणि पुलं होण्याआधी किंवा पूर आल्यावर नदी पार करायला या पट्ट्यात गुऱ्हाळातली काहीलसुद्धा वापरली गेली आहे. गूळ आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई! तिच्यात निदान कुजायला काही नव्हतं.

लाकूड कुजतं म्हणजे नेमकं काय होतं?

लाकूड पाण्यानं कुजत नाही, बुरशीनं कुजतं. बुरशीला तीन गोष्टी लागतात: ओल, हवा आणि ऊब. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं. ती ३० टक्क्यांच्या आसपास गेली की बुरशी जोमानं वाढते. पूर्ण पाण्यात बुडालेलं लाकूड उलट जास्त टिकतं, कारण तिथं हवा नसते. अर्धवट ओलं, अर्धवट कोंडलेलं लाकूड सगळ्यात वाईट.

आता ताडपत्रीखालची बोट डोळ्यासमोर आणा. जूनमध्ये आत पाणी साचलं, ऊन पडलं की त्याची वाफ झाली, वाफ बाहेर जायला वाट नाही. बुरशीसाठी याहून चांगलं घर कुठं मिळणार? त्यात हे गोडं पाणी. खारं पाणी लाकडाला थोडंफार सांभाळून घेतं, पावसाचं पाणी अजिबात नाही.

पाणी आत शिरतं कुठून? फायबरला भोक पडून नव्हे. फ्लोअरला सीट, कडी, हूक बसवताना जे स्क्रू मारले जातात, तिथून. प्रत्येक स्क्रू म्हणजे फायबरच्या थरातून थेट लाकडापर्यंत गेलेली वाट. शिवाय अनेक बोटींत फ्लोअरच्या वरच्या बाजूला फायबर असतं आणि खालची बाजू कोरीच सोडलेली असते, कारण ती कुणाला दिसत नाही.

दुसरा चोर म्हणजे फोम. बोट पाण्यानं भरली तरी पूर्ण बुडू नये म्हणून फ्लोअरखालच्या पोकळीत फोम ओततात. अमेरिकेत १९७१ च्या बोट सुरक्षा कायद्यानंतर लहान बोटींसाठी याचे नियम आले. कल्पना चांगली आहे. पण वर्षानुवर्षं पाण्यात बसलेल्या फोमच्या बारीक पेशी फुटत जातात आणि तो पाणी धरून ठेवतो. हे पाणी बूच काढलं तरी निघत नाही. हिशोब सोपा आहे: फोममध्ये २०० लिटर पाणी मुरलं असेल तर बोट २०० किलोनं जड झाली. म्हणजे तीन धडधाकट माणसं आधीच बोटीत बसलेली आहेत, फक्त ती दिसत नाहीत. दहा जणांची बोट सात जणांची झाली आणि वर आकडा मात्र दहाचाच रंगवलेला.

ओळखायचं कसं?

फ्लोअरवर अनवाणी चाला. पाय किंचित दबला, गादीसारखं वाटलं, की समजा खाली काही उरलेलं नाही. मग रबरी हातोडीनं किंवा नाण्यानं ठोकत जा. चांगलं लाकूड टणक, खणखणीत वाजतं, कुजलेलं 'थप्प' असं बसकं. एखादा स्क्रू पूर्ण काढून परत लावून बघा, तो नुसताच फिरत राहिला तर लाकडात पकड नाही. मागच्या फळीसाठी इंजिनाचं डोकं धरून वरखाली हलवा आणि फळी हलते का, कडेला चीर दिसते का ते बघा.

शंका उरलीच तर आतल्या बाजूनं बारीक भोक पाडून भुसा बघायचा. कोरडा, फिकट भुसा आला तर देव पावला. काळा, ओला, कुबट वासाचा आला तर फ्लोअर उघडावा लागणार. हे भोक नंतर इपॉक्सीनं बुजवायला विसरू नये, नाहीतर तपासणीनंच नवी वाट करून दिली असं व्हायचं.

आणि साखर कारखान्यांच्या या मुलखात सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे वजनकाटा. बोट ट्रेलरसकट काट्यावर न्या, मग रिकामा ट्रेलर न्या. उरलेलं वजन बनवणाऱ्यानं दिलेल्या वजनाशी ताडून बघा. शंभर-दीडशे किलोचा फरक आला तर तो फरक फ्लोअरखाली आहे.

दुरुस्तीची खरी मेहनत

आधी बोट सरळ करून, खालून जागोजागी टेकू देऊन ठेवावी लागते. कारण फ्लोअर आणि वासे काढले की फायबरचं कवच लवचिक होतं. वाकड्या अवस्थेत नवे वासे बसले तर बोट कायमची वाकडी होते आणि पाण्यात एका अंगाला ओढते. म्हणून मुरलेले कारागीर सगळे वासे एकदम काढत नाहीत. एक काढायचा, त्याच्या मापाचा नवा बसवायचा, मग दुसरा.

फ्लोअर कापताना कडेनं दोनेक इंचांची पट्टी सोडतात. करवतीची खोली फ्लोअरच्या जाडीइतकीच ठेवायची, नाहीतर पातं थेट तळात उतरतं. मग ओला फोम खणून काढायचा. हे काम कुणालाच आवडत नाही. तो फावड्यानं निघतो, हातानं निघतो, आणि पिळला तर पाणी गळतं. नंतर बोट उघडी ठेवून पूर्ण वाळवायची. इथं लोक घाई करतात. ओल्या तळावर नवं फायबर बसतच नाही. बसल्यासारखं दिसतं आणि दोन पावसाळ्यांनी पापडासारखं सुटतं.

प्लायवूड घेताना दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणेल त्यावर विसंबू नये. पत्र्यावर आयएस ७१० हा शिक्का बघावा. तो मरीन प्लायचा भारतीय मानक क्रमांक आहे. आयएस ३०३ हा फर्निचरच्या प्लायचा. तो स्वस्त पडतो, पण बोटीत घालू नये. प्लायची खालची बाजू आणि विशेषतः कापलेल्या कडा इपॉक्सीनं आधीच भरून घ्याव्यात, कारण प्लाय पाणी पितं ते कडेनंच.

रेझिनचे दोन प्रकार बाजारात मिळतात. पॉलिएस्टर स्वस्त आणि इपॉक्सी महाग. पॉलिएस्टर नव्या फायबरवर चांगलं बसतं, पण लाकडाला आणि जुन्या, वाळलेल्या फायबरला त्याची पकड कमी. जिथं जुनं-नवं जोडायचं तिथं इपॉक्सीला पर्याय नाही. एक गोष्ट मात्र जिवाशी गाठ असलेली: पॉलिएस्टरमध्ये घालायचं कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन्ही द्रव्यं एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत, स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं. फायबर घासताना साधा रुमाल चालत नाही, चांगला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

कधी करायचं, हेही ठरलेलं आहे. पावसाळी दमट हवेत रेझिन नीट धरत नाही. म्हणजे काम फेब्रुवारी ते मे. पण एप्रिलच्या उन्हात दुसरी पंचाईत: कालवलेलं रेझिन डब्यातच तापून दगड होतं. त्यामुळे काम पहाटे, सावलीत आणि एका वेळी थोडंच कालवून.

शेवटी सीट-कड्या परत बसवताना जुनी चूक परत करायची नाही. स्क्रूसाठी मुद्दाम मोठं भोक पाडायचं, ते इपॉक्सीनं भरून वाळू द्यायचं आणि त्या इपॉक्सीतच स्क्रूचं बारीक भोक घ्यायचं. मग स्क्रूला लाकूड भेटतच नाही. वाशांच्या तळाशी पाणी वाहून जायला छोट्या मोऱ्याही ठेवाव्या लागतात, नाहीतर प्रत्येक कप्प्यात वेगळं डबकं तयार होतं.

पडून असलेल्या बोटीचं काय?

लहान बोट असेल तर ती पालथी ठेवणं सगळ्यात उत्तम. मोठी असेल तर नाक थोडं उंच आणि मागचं बूच काढलेलं. ताडपत्री टाकायची तर मध्ये बांबू घालून उतार द्यायचा आणि दोन्ही टोकांना हवेला वाट ठेवायची. एवढ्यानं फ्लोअरचं आयुष्य कितीतरी वाढतं, आणि खर्च एका बांबूचा.

कायद्याच्या बाजूनं बघायचं तर १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. इंजिनावर चालणाऱ्या बोटींना त्यात तपासणी आणि नोंदणी लागते. मात्र तपासणीच्या दिवसानंतर पावसाळे येत राहतात. ज्या गावात पुरासाठी बोट ठेवलेली आहे, तिथं मे महिन्यात कुणीतरी तिच्यात उतरून चालून बघितलं, ठोकून बघितलं आणि एकदा काट्यावर नेऊन वजन लिहून ठेवलं, तर जूनमध्ये तिच्यात किती माणसं बसवायची याचं उत्तर रंगवलेल्या आकड्यावरून नाही, तर त्या वहीवरून देता येतं.