बुद्धिबळयंत्राचे दोन पंथ

पटाशी बसलेल्या खेळाडूस ‘तुम्ही किती खेळ्या पाहता?’ असे विचारले, तर बहुधा तो म्हणेल, ‘पाहण्यासारख्या असतील तेवढ्याच.’ हे ‘पाहण्यासारखे’ काय, ते यंत्राला कसे शिकवावयाचे, हाच संगणकीय बुद्धिबळाच्या इतिहासातील मुख्य वाद होय.

वादाची स्पष्ट मांडणी अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी १९५० साली केली. एका स्थितीत सुमारे तीस खेळ्या शक्य असतात असे धरून त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिल्यात ठराविक खोलीपर्यंत एकूण एक खेळी तपासावयाची. दुसऱ्यात विचारार्ह खेळ्याच निवडून त्यांचा खोलवर माग काढावयाचा. शॅनन यांचा कल दुसऱ्या मार्गाकडे होता, आणि ते स्वाभाविकच होते. दोन्ही बाजूंच्या मिळून चार खेळ्या पाहिल्या, तरी शेवटी ८,१०,००० स्थिती तपासाव्या लागतात!

पहिल्या मार्गाला आधार दिला तो ‘आल्फा-बीटा’ या युक्तीने. समजा, एक बरी खेळी आपणांस सापडली आहे. दुसरी तपासताना प्रतिपक्षाच्या एका उत्तराने आपला वजीर फुकट जातो असे दिसले, तर त्याची उरलेली उत्तरे पाहण्याचे कारण काय? ती खेळी तेथेच सोडावी. निर्णयात तिळमात्र फरक पडत नाही. श्रम मात्र वाचतात. खेळ्यांचा क्रम उत्तम लागला, तर वरील ८,१०,००० ऐवजी १,७९९ स्थितींवर काम भागते. नूथ आणि मूर यांनी १९७५ साली या युक्तीची गणिती मीमांसा प्रसिद्ध केली.

तरीही अनेकांची भिस्त निवडीवरच होती. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्लेट आणि अ‍ॅटकिन यांचा कार्यक्रमही आरंभी निवडूनच खेळे. परंतु निवडणारा भाग कधीकधी नेमकी मोलाची खेळीच टाकून देई. अखेर १९७३ साली त्यांनी सर्व खेळ्या पाहण्याचा मार्ग धरला, आणि १९७७ साली टोरांटो येथे त्यांचा कार्यक्रम संगणकांचा जगज्जेता झाला. उलट, स्वतः जगज्जेते राहिलेले रशियन खेळाडू बोटविन्निक यांनी मनुष्याप्रमाणे निवडून विचार करणाऱ्या यंत्रासाठी अनेक वर्षे वेचली. त्यांचा ‘पायोनियर’ स्पर्धेच्या पटावर कधी उतरलाच नाही. ज्यास निवडीची कला हस्तगत होती, त्यासही ती यंत्राला सांगता आली नाही, हे आम्हांस या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण वाटते.

१९९७ साली सेकंदास सुमारे वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्ह यांना ३॥–२॥ असे हरविले. निवडीचा पंथ संपला, असे पुष्कळांना वाटले. तथापि २०१७ साली ‘अल्फाझीरो’ अवतरला. स्वतःशीच खेळून शिकलेला हा कार्यक्रम सेकंदास अवघ्या ८०,००० स्थिती पाही. त्याचा प्रतिस्पर्धी ‘स्टॉकफिश’ सात कोटी. शंभर डावांत अल्फाझीरोने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडविले. सामन्याच्या अटींविषयी मतभेद झाले. पण निवड यंत्राला साधते, हे नाकारता येईना.

आणि स्टॉकफिश तरी सर्व पाहतो काय? नाही. तोही बहुतेक खेळ्यांवरून वरवर नजर फिरवितो. मात्र एखादी अनपेक्षितपणे बरी निघाली, तर मागे फिरून तीच खोलवर तपासतो. जुन्या निवडीत ही सोय नव्हती. तेथे टाकलेली खेळी कायमची गेली.

म्हणून शॅनन यांचा कल चुकीचा नव्हता, असे आम्ही म्हणतो. निवडल्यावाचून खोल जाता येत नाही. पण आपण काय टाकले, ते पुन्हा उचलून पाहण्याची तयारी ज्या निवडीत नाही, ती विश्वासाला पात्र नाही. ही गोष्ट पटापुरतीच खरी आहे काय, याचा विचार श्रोत्यांनी करावा.