सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ फुटबॉल दंडप्रकरण

अमेरिकेतील टेक्सस राज्यात, डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर १९८७ मध्ये झालेली कारवाई. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (यापुढे ‘एनसीएए’) या नियामक संस्थेने विद्यापीठाचा १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द केला. वृत्तपत्रांत हा दंड ‘मृत्युदंड’ म्हणून ओळखला जातो. वरच्या श्रेणीतील फुटबॉल संघाला तो झाल्याचे हे एकमेव उदाहरण होय. (येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ.)

नियमांची पार्श्वभूमी : खेळाडू हा आधी विद्यार्थी असून त्याला शिष्यवृत्तीपलीकडे मोबदला देऊ नये, हे एनसीएएचे जुने तत्त्व. ही संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली, पण तिच्या हाती दीर्घकाळ दंडशक्ती नव्हती. १९४८ च्या ‘सॅनिटी कोड’मध्ये नियमभंगाला हकालपट्टी ही एकच शिक्षा होती, १९५० मध्ये सात विद्यापीठांना काढण्याचा ठराव फेटाळला गेला आणि पुढच्याच वर्षी तो कोड रद्द झाला. त्यानंतर संस्थेचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत श्रेणीबद्ध शिक्षांची पद्धत रुळली : परिवीक्षा, शिष्यवृत्त्यांत कपात, हंगामोत्तर ‘बाउल’ सामन्यांना आणि दूरचित्रवाणी प्रक्षेपणाला बंदी. पाच वर्षांत दुसऱ्यांदा गंभीर नियमभंग झाल्यास तो खेळच काही काळ बंद ठेवण्याची तरतूद जून १९८५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथील विशेष अधिवेशनात झाली. तत्पूर्वी केंटकी (१९५२-५३) व साउथवेस्टर्न लुइझियाना (१९७३-७५) यांचे बास्केटबॉल संघ असेच बंद राहिले होते.

संघ : १९८० ते १९८४ या पाच हंगामांत ४९ विजय, ९ पराभव, १ बरोबरी. एरिक डिकरसन व क्रेग जेम्स हे चेंडू घेऊन धावणारे प्रसिद्ध खेळाडू याच काळातले.

पूर्वेतिहास : या विद्यापीठाला १९५८ पासून वारंवार परिवीक्षेची शिक्षा झाली होती. १९८१ मध्ये प्रादेशिक विजेतेपद मिळवूनही शिक्षेमुळे संघाला बाउल सामना खेळता आला नाही. ऑगस्ट १९८५ मध्ये पुन्हा तीन वर्षांची परिवीक्षा, ४५ शिष्यवृत्त्यांची कपात आणि काही धनिक समर्थकांवर बंदी अशी शिक्षा झाली. साउथवेस्ट कॉन्फरन्स या प्रादेशिक गटात अशी प्रकरणे दुर्मीळ नव्हती. टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठालाही १९८६ मध्ये शिक्षा झाली. तेल व जमीन-व्यवहारात पैसा कमावलेले माजी विद्यार्थी परस्परांच्या संघांशी ईर्ष्येने स्पर्धा करीत, हे कारण बहुतेक अभ्यासक देतात. ते खरे असले तरी अपुरे आहे, कारण निर्णय विद्यापीठाच्या आतच होत होते.

विद्यापीठाच्या नियामक मंडळाची भूमिका : प्रस्तुत प्रकरणाचा गाभा येथे आहे. १९८५ च्या शिक्षेच्या सुमारास खेळाडूंना दरमहा पैसे मिळतात हे विद्यापीठाच्या वरिष्ठांना ठाऊक झाले होते. पैसे एकदम थांबवले तर खेळाडू बोलतील आणि दिलेला शब्दही मोडेल. म्हणून शब्द दिलेले खेळाडू शिकून बाहेर पडेपर्यंत रकमा चालू ठेवाव्यात, असे ठरले. नियामक मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लेमेंट्स जानेवारी १९८७ मध्ये दुसऱ्यांदा टेक्ससचे गव्हर्नर झाले. या निर्णयात आपला सहभाग होता, हे त्यांनी ३ मार्च १९८७ रोजी पत्रकारांसमोर मान्य केले, म्हणजे एनसीएएचा निकाल लागून गेल्यावर. चर्चशी संलग्न विद्यापीठ असल्याने मेथडिस्ट बिशपांच्या समितीने स्वतंत्र चौकशी केली. तिचा अहवाल जून १९८७ मध्ये आला. पद सोडून गेलेल्या तिघा क्रीडा-अधिकाऱ्यांना विद्यापीठाने एकूण ८ लाख ६० हजार डॉलरांहून अधिक रक्कम देऊ केल्याची नोंद त्यात आहे. खेळाडूंना वाटलेल्या पैशाच्या कित्येक पट ही रक्कम भरते. त्या वर्षी नियामक मंडळ बरखास्त झाले.

उघडकीस येणे : नोव्हेंबर १९८६ मध्ये डॅलसच्या डब्ल्यूएफएए वाहिनीवर डेल हॅन्सन यांनी केलेले वार्तांकन निर्णायक ठरले. करारासाठी आपल्याला २५,००० डॉलर मिळाले आणि १९८५ च्या शिक्षेनंतरही पैसे येत राहिले, असे एका माजी खेळाडूने त्यात सांगितले. पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष डॉनल्ड शील्ड्स, क्रीडासंचालक बॉब हिच आणि प्रशिक्षक बॉबी कॉलिन्स हे तिघेही पायउतार झाले. कॉलिन्स यांना किती माहिती होती, याबाबत एकमत नाही.

निकाल : २५ फेब्रुवारी १९८७. एका समर्थकाच्या निधीतून १३ खेळाडूंना सुमारे ६१,००० डॉलर दिल्याचे सिद्ध झाले. मासिक रक्कम ५० ते ७२५ डॉलर. शिक्षा : १९८७ चा हंगाम रद्द, १९८८ मध्ये फक्त सात सामने, तेही परक्या मैदानांवर, चार वर्षांत ५५ शिष्यवृत्त्या कमी, प्रशिक्षकांच्या संख्येवर मर्यादा. विद्यापीठाचे क्रीडाप्रतिनिधी, धर्मविषयाचे प्राध्यापक लॉनी क्लीव्हर यांनी चौकशीस पूर्ण सहकार्य केल्याने शिक्षा सौम्य होईल अशी अपेक्षा होती. एनसीएएच्या समितीने ती पूर्ण केली नाही. निकाल जाहीर करणारे अधिकारी डेव्हिड बर्स्ट पत्रकार परिषदेतच बेशुद्ध पडले. संघ उभा करता येणार नाही म्हणून १९८८ चा हंगाम विद्यापीठाने स्वतःच रद्द केला.

परिणाम : खेळाडूंना अन्य विद्यापीठांत जाण्याची मुभा मिळाली व बहुतेक गेले. १९८९ मध्ये फॉरेस्ट ग्रेग यांच्या प्रशिक्षणाखाली कोवळ्या मुलांचा संघ उतरला. ११ सामन्यांत २ विजय, ह्यूस्टनविरुद्ध ९५–२१ असा पराभव. ज्यांनी पैसे घेतले नव्हते आणि दिलेही नव्हते, त्यांच्या वाट्याला हे आले. १९८९ ते २००८ या वीस हंगामांत पराभवांपेक्षा विजय अधिक असा एकच हंगाम (१९९७). साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये विसर्जित झाली. बाउल सामना पुन्हा मिळाला तो २००९ मध्ये, हवाई येथे; नेवाडावर ४५–१० असा विजय.

नंतरची दंडनीती : वरच्या श्रेणीतील फुटबॉलमध्ये ही शिक्षा पुन्हा कधी दिली गेली नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला २०१० मध्ये दोन वर्षांची बाउलबंदी व ३० शिष्यवृत्त्यांची कपात झाली. पेन स्टेट विद्यापीठाला २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर दंड झाला, मात्र ते प्रकरण बाल-लैंगिक अत्याचाराचे असल्याने येथे तुलनेस घेऊ नये.

माहितीपट : ‘पोनी एक्सेस’ (२०१०).

सद्यस्थिती : १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नाव-प्रतिमेच्या वापराबद्दल पैसे घेता येतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. सदर्न मेथडिस्ट २०२४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये दाखल झाले आणि त्याच हंगामात राष्ट्रीय बाद फेरीत पोहोचले. तेथे पेन स्टेटने त्यांना ३८–१० असे हरवले.