येशू देव की माणूस? नाणेघाटाखालच्या कल्याणपर्यंत आलेला वाद

जुन्नरच्या लेण्यांमध्ये तीन यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. इरिलनं पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या, चिटनं संघासाठी भोजनमंडप दिला, तिसरं नाव चंद. 'यवन' शब्द दिसला म्हणून त्यांना ख्रिस्ती समजू नका. हे बौद्ध संघाला दान देणारे परदेशी होते.

ख्रिस्ती लोकांचा माग मात्र त्याच व्यापारी वाटेवर सापडतो. जुन्नरचा माल नाणेघाटानं खाली कोकणात उतरायचा आणि कल्याणच्या बंदराकडे जायचा. शेजारच्या आंबेगावातला आहुपे घाटही खाली मुरबाडकडेच उतरतो. सहाव्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियाच्या कॉस्मास या व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत एक ग्रंथ लिहिला. 'कल्लियाना' इथे ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियाहून नेमला जातो, अशी नोंद त्यात आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण.

पर्शियाहून नेमलेला बिशप, हा तपशील महत्त्वाचा आहे. कारण येशूच्या माणूसपणाबद्दल पर्शियातल्या चर्चचं मत रोमपेक्षा वेगळं होतं.

भांडण कशावरून?

देव माणूस झाला हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. प्रश्न असा, की देव माणूस झाला म्हणजे नेमकं काय झालं? येशूला भूक लागली, तो दमला, रडला, मेला. मग हे सगळं देवाला झालं का?

अलेक्झांड्रियाचा सिरिल म्हणायचा, हो. जन्मलेला आणि दुःख भोगलेला तो एकच, देवाचा शब्द. म्हणून मरिया ही 'देवमाता'. मोप्सुएस्तियाचा थिओडोर (मृत्यू 428) मात्र सांगायचा की देव बदलत नाही आणि मरतही नाही. भूक आणि मरण हे येशूमधल्या खऱ्याखुऱ्या माणसाचं. त्याच परंपरेतला, कॉन्स्टँटिनोपलचा प्रमुख धर्मगुरू नेस्टोरियस मरियेला 'ख्रिस्तमाता' म्हणणं पसंत करायचा. 431 मध्ये इफिससच्या परिषदेनं त्याला पदावरून काढलं. पुढे 451 मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेनं 'एक व्यक्ती, दोन स्वभाव' असं सूत्र ठरवलं. पर्शियाच्या चर्चनं थिओडोरलाच गुरू मानलं. रोम आणि पर्शिया एकमेकांचे शत्रू होते, हेही इथे विसरून चालणार नाही.

माणूस मुळात कसा आहे?

या वादामागे माणसाबद्दलचं एक मत होतं, आणि मला तोच भाग जास्त रंजक वाटतो. उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टिननं (354–430) मांडलं, की आदामाच्या पापाचा दोष प्रत्येकजण जन्मतःच घेऊन येतो. थिओडोरचा भर दोषापेक्षा मर्त्यपणावर होता. त्याच्या मते मानवजातीच्या दोन अवस्था आहेत. आताची अवस्था मरणाची, चुकांची, पण शाळेसारखी, चांगलं-वाईट निवडायला शिकवणारी. पुढची अमर आणि अढळ. त्या दुसऱ्या अवस्थेत पहिलं पाऊल टाकणारा माणूस म्हणजे येशू. तो आपल्यासारखाच, शिकत-झगडत वाढलेला माणूस नसेल, तर त्याच्या मागोमाग आपण कसे जाणार?

कॉस्मासनं हीच शिकवण थेट भूगोलात उतरवली. त्यानं जग चक्क दुमजली पेटीसारखं कल्पिलं. खालच्या मजल्यावर मर्त्य माणसं, वर स्वर्ग, आणि माणूस म्हणून तिथे सर्वांत आधी पोहोचलेला ख्रिस्त. पृथ्वी गोल म्हणणाऱ्यांवर त्यानं भरपूर टीकाही केली आहे! भूगोल पार चुकला, पण हिंदी महासागरातल्या व्यापाराच्या त्याच्या नोंदी आजही वापरल्या जातात.

'अवतार' म्हणायचं का?

मराठी ख्रिस्ती लेखनात यासाठी 'देहधारण' हा शब्द रूढ आहे. अवतार अनेक होतात आणि कार्य संपलं की रूप आवरलं जातं, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. ख्रिस्ती शिकवणीत देहधारण एकदाच होतं आणि ते माणूसपण पुढे कधीच टाकून दिलं जात नाही. याबाबत सिरिल आणि थिओडोर यांचं एकमत होतं.

देवमाता की ख्रिस्तमाता, हा वाद मिटायला मात्र फार वेळ लागला. 11 नोव्हेंबर 1994 रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पर्शियाच्या त्या जुन्या चर्चचा वारसा सांगणाऱ्या असीरियन चर्चचे प्रमुख मार दिंखा चौथे यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. दोन्ही नावं एकाच श्रद्धेची आहेत, असं त्यात मान्य केलं गेलं. इफिससच्या परिषदेला तोवर 1,563 वर्षं झाली होती.