तीन अंशांची बाकी

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेत शाळेचा इतिहास यावा, हे ओघानेच आले. ते काम माझ्याहून जाणत्या मंडळींनी केले आहे. मी येथे एका वेगळ्या इतिहासाकडे माजी विद्यार्थ्यांचे व पालकांचे लक्ष वेधू इच्छिते. तोही साठ वर्षांचाच आहे. १९६५ साली दोन शास्त्रज्ञांनी आकाशाचे तापमान मोजून एक साधी वजाबाकी मांडली. शून्य यावे तेथे बाकी उरली. त्या बाकीचा माग काढता काढता मानवाला विश्वाचे वय, घडण आणि आकारमान यांविषयी विश्वासार्ह आकडे हाती आले.

या कथेची पूर्वपीठिका थोडी मागे जाते. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे १९२९मध्ये एडविन हबल यांनी दाखवले. त्यातून दोन विचारप्रवाह निघाले. विश्व एका अतितप्त, अतिघन अवस्थेतून प्रसरण पावत आले, असे एक पक्ष म्हणे. विश्वाला आदी नाही, प्रसरणाने पडणारी पोकळी नव्या द्रव्याच्या निर्मितीने भरून निघते, असे १९४८मध्ये फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी मांडले. हा स्थिर स्थिती सिद्धांत. त्याच वर्षी राल्फ अल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी गणित केले की, विश्वाचा आरंभ तप्त असेल तर त्या उष्णतेचा अवशेष आजही सर्वत्र असला पाहिजे आणि त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे पाच अंश, म्हणजे पाच केल्विन असावे. हे भाकीत नियतकालिकात छापून आले आणि पडून राहिले.

त्याहून नवलाची गोष्ट अशी की, त्या अवशेषाचा पुरावा आधीच नोंदला गेला होता. कॅनडातील अँड्र्यू मॅकेलर यांनी १९४१मध्ये ताऱ्यांमधल्या अवकाशातील सायनोजेन रेणूंच्या वर्णपटावरून सुमारे २.३ केल्विन तापमान काढले होते. आकडा होता, परंतु तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. भाकीत एका ग्रंथात, मोजमाप दुसऱ्या ग्रंथात, आणि दोन्ही वाचून त्यांचा संबंध जोडणारा कोणी नाही, अशी पंधराहून अधिक वर्षे गेली.

अमेरिकेत न्यू जर्सीमधील होल्मडेल येथे बेल प्रयोगशाळेचा वीस फुटी मुखाचा, कर्ण्याच्या आकाराचा अँटेना होता. उपग्रहांद्वारे संदेशवहनाच्या प्रयोगांसाठी तो बांधला होता. अर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांना त्यावर रेडिओ खगोलशास्त्राची निरीक्षणे करायची होती. त्याआधी यंत्राचा स्वतःचा गोंगाट नेमका किती, हे जाणून घेणे आवश्यक होते. अँटेना थेट माथ्यावरच्या आकाशाकडे रोखला असता एकूण ६.७ केल्विन तापमान मिळाले. त्यातील २.३ वातावरणाचे. ०.९ अँटेनाच्या धातूतील व्यय आणि जमिनीकडून येणारे प्रारण मिळून. बाकी उरली ३.५. या बाकीत एक अंशाची चूकभूल संभवत होती, पण ती शून्य खचितच नव्हती.

दोघांनी ही बाकी घालवण्याचे सर्व प्रयत्न केले. कर्ण्यात कबुतरांच्या जोडीने मुक्काम केला होता. ती हटवून विष्ठा साफ केली. सांधे नीट केले. तरीही बाकी हटेना. दिवस असो वा रात्र, उन्हाळा असो वा हिवाळा, अँटेना कोणत्याही दिशेला वळवा, ती तेवढीच राही. ‘यंत्रातील किरकोळ दोष’ म्हणून ती सोडून देणे फार सोपे होते. त्यांनी तसे केले नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे.

योगायोग असा की, जवळच प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट डिकी, जिम पीबल्स, पीटर रोल आणि डेव्हिड विल्किन्सन हे नेमके याच प्रारणाच्या शोधाची तयारी करीत होते. एका परिचिताकडून पेंझियास यांना ही वार्ता समजली आणि दूरध्वनी झाला. १९६५मध्ये दोन्ही गटांचे निबंध एकाच अंकात प्रसिद्ध झाले. पेंझियास आणि विल्सन यांनी विश्वाच्या उत्पत्तीविषयी भाष्य करण्याचे टाळून केवळ आपली वजाबाकी मांडली. अर्थ प्रिन्स्टनच्या निबंधात होता. १९७८चे नोबेल पारितोषिक मोजणाऱ्या त्या दोघांना मिळाले. अर्थ लावणाऱ्या पीबल्स यांचा सन्मान २०१९मध्ये झाला.

तो अर्थ थोडक्यात असा. आरंभीच्या विश्वात प्रकाश मुक्त इलेक्ट्रॉनांवर सतत आदळत राही, दाट धुक्यात अडकल्यासारखा. सुमारे ३,८०,००० वर्षांनी तापमान ३,००० केल्विनपर्यंत उतरले, अणू बनले आणि धुके निवळले. त्या वेळी सुटलेला प्रकाश आजही प्रवास करीत आहे. मधल्या काळात विश्व सुमारे ११०० पट ताणले गेले, म्हणून तो थंडावून सूक्ष्मलहरींच्या रूपाने आपल्यापर्यंत येतो.

या शोधाने स्थिर स्थिती सिद्धांताला मोठा धक्का बसला. त्या पक्षात आपल्या मराठी घरातील एक तरुण होता. जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा, पण ते वाढले बनारसमध्ये. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत. महाराष्ट्राबाहेर मराठी जपत शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे विशेष जवळचे वाटेल. केंब्रिजमध्ये हॉईल यांच्यासह त्यांनी १९६४मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि पुढच्याच वर्षी हे प्रारण सापडले. बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकरांनी विरोधी मत सोडले नाही, आणि मोजलेला आकडाही नाकारला नाही. १९९३मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला, तेव्हा या प्रारणाचे पर्यायी स्पष्टीकरणही दिले. ते बहुसंख्यांना पटले नाही. तथापि १९८८मध्ये त्यांनी पुण्यात उभारलेल्या ‘आयुका’ या संस्थेत याच प्रारणाचा, प्रचलित सिद्धांताच्या चौकटीत, अभ्यास करणारे संशोधक तयार झाले. आपल्या मताविरुद्धच्या संशोधनालाही घर देणारे हे वैज्ञानिक मे २०२५मध्ये आपल्यातून गेले.

इकडे महास्फोटाच्या समर्थकांनाही स्वस्थता नव्हती. प्रारण सर्व दिशांनी अगदी सारखे असेल, तर दीर्घिका घडल्या कशा? कोठेतरी द्रव्य किंचित दाट असल्याशिवाय गुरुत्वाकर्षण ते गोळा करणार कसे? मोजमापे अधिकाधिक सूक्ष्म झाली, तरी ते चढउतार सापडेनात. नोव्हेंबर १९८९मध्ये ‘कोबे’ उपग्रह सोडण्यात आला. जॉन माथर यांच्या गटाने प्रारणाचा वर्णपट सिद्धांताच्या वक्राशी तंतोतंत जुळत असल्याचे दाखवले; तापमान निघाले २.७२५ केल्विन. १९९२मध्ये जॉर्ज स्मूट यांच्या गटाला ते चढउतारही मिळाले: लाखात एक भाग एवढे. आजच्या दीर्घिकांची ती बीजे होत. दोघांना २००६चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढचा प्रश्न त्या चढउतारांच्या आकाराचा होता. अंटार्क्टिकावरून उडालेल्या ‘बूमरँग’ या बलून प्रयोगाने २०००मध्ये दाखवले की, त्यांतील ठळक ठिपके आकाशात सुमारे एक अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुप्पट रुंदीचे दिसतात. अवकाश वक्र असते तर ते लहान किंवा मोठे दिसले असते. अर्थात अवकाश जवळजवळ सपाट आहे. २००१मध्ये सोडलेल्या उपग्रहाला नंतर प्रिन्स्टनच्या त्याच विल्किन्सन यांचे नाव देण्यात आले. २००९मध्ये गेलेल्या युरोपच्या ‘प्लँक’ उपग्रहाने हे काम आणखी नेटके केले. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे. त्यात आपल्याला परिचित द्रव्य केवळ पाच टक्के. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा, ज्यांचे स्वरूप अद्याप उलगडलेले नाही.

आणि पुन्हा एक बाकी उरलीच आहे. प्लँकच्या मोजमापांवरून विश्वाच्या प्रसरणाचा दर सुमारे ६७ येतो. ताऱ्यांची व स्फोटक नवताऱ्यांची अंतरे मोजून तो सुमारे ७३ येतो. दोन्ही गटांनी आपापली यंत्रे, आपापली गणिते पुनःपुन्हा तपासली आहेत, तरी फरक मिटलेला नाही. तो मोजण्यातील दोष आहे की विश्वाविषयीच्या आपल्या समजुतीतील उणीव, हे ठरायचे आहे.

पालकांना माझी विनंती एवढीच आहे. मुलाच्या वहीत, प्रयोगाच्या तक्त्यात एखादा आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही, तर तो खोडून पुस्तकातील उत्तर लिहायला त्याला सांगू नका. प्रथम सांधे तपासू द्या, कबुतरे हटवू द्या. त्यानंतरही बाकी उरली, तर ती नीटनेटक्या अक्षरात लिहून ठेवू द्या.